मांडव, कूलर आणि एफ-होल: स्टेजसाठी हॉलोबॉडी गिटार जुनी घ्यावी की नवी?

हॉलोबॉडी, म्हणजे पोकळ पोटाची गिटार हातात आली की आधी एफ-होलमधून, म्हणजे वरच्या पाटीवरच्या f आकाराच्या भोकातून, टॉर्च मारा. आत मधोमध लाकडाचा सलग ठोकळा आहे, वरच्या आणि मागच्या पाटीला जोडणारा लाकडी आधार आहे, की नुसती पोकळी आहे, एवढं बघितलं की ती गिटार चोपड्याच्या लॉनवर तग धरेल की बंद नाट्यगृहातच शोभेल, याचा बराचसा निकाल लागतो. कंपनी, साल, रंग या गोष्टी त्यानंतरच्या. ऑर्केस्ट्रा, भीमगीतांचे कार्यक्रम, अहिराणी गाण्यांचे स्टेज शो वाजवणारा माणूस ही खरेदी पुन्हापुन्हा करत नाही. आणि हॉलोबॉडी उघडून नीट काम करणारा कारागीर हवा असेल तर खान्देशातून नाशिक, पुणे किंवा मुंबई गाठावी लागते. म्हणून इथे सगळं सविस्तर लिहिलं आहे.

कौल आधीच सांगतो. वर्षातले बहुतेक कार्यक्रम मांडवात आणि लॉनवर असतील, तर नवी, मधल्या ठोकळ्याची, दोन हंबकर पिकअपची (तारांचं कंपन उचलणाऱ्या, गुणगुण कमी करणाऱ्या दुहेरी कॉइलची) गिटार घ्या. नाट्यगृहात बसून जुनी हिंदी गाणी, गझल, वाद्यवृंद असं काम जास्त असेल, तर पूर्ण पोकळ गिटार घ्यायला हरकत नाही, पण तीही शक्यतो नवी किंवा जपानी बनावटीची. पन्नास-साठच्या दशकातली अस्सल अमेरिकन गिटार ही दुसरी गिटार म्हणून घ्यायची वस्तू आहे. तिच्या भरवशावर लग्नसराई काढता येत नाही.

पोटात काय आहे

गिब्सनची ईएस-१७५ ही १९४९ साली आलेली गिटार पूर्ण पोकळ गिटारचा नमुना मानायला चांगली. सोळा इंच रुंद, आत ठोकळा नाही, वरची पाटी मेपलच्या प्लायची. सुरुवातीला तिच्यावर पी-९० हा एका कॉइलचा पिकअप होता, १९५७ पासून हंबकर आले. ग्रेचची ६१२० पन्नासच्या दशकातली, तीही पोकळ. ईएस-३३५ मात्र १९५८ साली आली ती मधोमध मेपलचा सलग ठोकळा घेऊन. दोन्ही पंख पोकळ, मधला भाग भरीव. आजच्या जवळजवळ सगळ्या सेमी-हॉलो गिटार त्याच कल्पनेवर चालतात.

इथे एक गल्लत फार होते. एपिफोनची कॅसिनो आणि ३३५ दुकानात शेजारी टांगलेल्या असल्या की सख्ख्या बहिणी वाटतात. दोन्ही पातळ, दोन्हींना दोन शिंगं, दोन एफ-होल. पण १९६१ पासून बनणारी कॅसिनो आतून पूर्ण पोकळ आहे, आणि तिची मान सोळाव्या फ्रेटवर बॉडीला मिळते. ३३५ ची एकोणिसाव्या फ्रेटवर. पातळ आहे म्हणून कॅसिनो कमी घुमेल असं समजून लग्नाच्या स्टेजसाठी ती घेणारे पहिल्याच कार्यक्रमात अडचणीत येतात. तिचा आवाज गोड आहे यात शंका नाही, पण तो लहान अँप आणि मोजक्या आवाजासाठी आहे.

तिसरा प्रकार मधला. ग्रेचने पन्नासच्या दशकाच्या शेवटी काही गिटारमध्ये वरची आणि मागची पाटी जोडणारा ट्रेसल नावाचा लाकडी आधार घातला होता. २०२१ पासूनच्या जी५४२०टी मध्ये तसाच ट्रेसल ठोकळा आहे. पोकळ गिटारचा श्वास राहतो आणि पाटीचं थरथरणं कमी होतं.

घुमतं का, आणि कुठे

घागरीच्या तोंडावर फुंकर मारली की तिचा स्वतःचा एक सूर निघतो. पोकळ गिटारलाही तसा सूर असतो. साधारण १०० हर्ट्झच्या आसपास आतल्या हवेचा आणि त्याच्या वर, २५० पर्यंत कुठेतरी, वरच्या पाटीचा. सहाव्या तारेवर तिसऱ्या फ्रेटचा जी ९८ हर्ट्झचा आणि पाचव्या फ्रेटचा ए ११० हर्ट्झचा. म्हणजे जी आणि ए या रोजच्या पट्ट्यांचा खर्जच नेमका घागरीच्या सुराला जाऊन भिडतो. स्पीकरमधून निघालेला तो सूर पाटी हलवतो, पाटी तारा हलवते, पिकअप ते उचलतो, अँप ते वाढवतो, आणि चक्र सुरू होतं.

आता आपल्याकडचं स्टेज डोळ्यांसमोर आणा. दोन्ही बाजूला दोन-दोन सब (खर्जाचे स्पीकर), पायाशी मॉनिटर, मागे ढोलकी आणि ऑक्टापॅड, आणि साउंडवाल्याचा हात खर्जावर सैल. सबचा जोरही याच पट्ट्याच्या आसपास असतो. त्यामुळे पुण्यातल्या एखाद्या कॅफेत जी ईएस-१७५ निवांत वाजते, ती अमळनेरच्या लॉनवर तिसऱ्या गाण्यात घोंघावायला लागते.

घुमण्याचे दोन प्रकार ओळखता आले पाहिजेत, कारण उपाय वेगळे आहेत. खालून येणारा ‘घूं’ हा बॉडीचा. वरून येणारी टोचणारी शिट्टी ही पिकअपची. जुने पी-९० आणि पन्नासच्या दशकातले गिब्सन हंबकर मेणात बुडवलेले नसत. त्यांच्या तारेचे वेढे आवाजाने थरथरतात आणि पिकअप मायक्रोफोनसारखा वागतो. आजच्या बहुतेक पिकअपना मेण दिलेलं असतं. जुन्या पिकअपला घरी मेण पाजायचा प्रयत्न करू नका. तापमान थोडं जास्त झालं की आतली प्लॅस्टिकची बॉबिन वाकते, आणि मूळ पिकअप गेला की गिटारच्या किमतीचा मोठा हिस्सा गेला.

‘घूं’साठी क्रमाने असं करा. अँप पाठीमागे न ठेवता बाजूला, तिरका ठेवा, आणि आपलं शरीर गिटार आणि स्पीकरच्या मध्ये येईल असे उभे राहा. मॉनिटरमध्ये गिटार घेऊच नका; अँप जवळ आहे तेवढं पुरे. गिटारनंतर आणि अँपच्या आधी सात पट्ट्यांचा इक्वलायझर पेडल लावा आणि १०० व २०० हर्ट्झचे दांडे तीन ते सहा डेसिबलने खाली आणा. हे काम मिक्सरवर होत नाही. मिक्सरवरचा लो-कट मुख्य स्पीकरपुरता, अँपमधून होणारं घुमणं तो थांबवत नाही. तरी साउंडवाल्याला गिटारच्या चॅनेलवरचं ८० किंवा १०० हर्ट्झचं लो-कट बटण दाबायला सांगाच, खर्ज तसाही बेस गिटार आणि कीबोर्डचा आहे.

एवढं करून भागलं नाही तर एफ-होल बंद करा. फर्निचरवाल्याकडचा काळा फोम भोकापेक्षा तीन-चार मिलिमीटर मोठा कापून अलगद बसवा. बोटाने काढता आला पाहिजे. चिंध्या कोंबू नका, आतली वायर त्यात अडकते आणि ओढली की सोल्डर सुटतं. यात कमीपणा काही नाही. गिब्सनने ब्लूज गिटारवादक बी. बी. किंग यांच्यासाठी १९८० साली काढलेल्या ल्युसिल मॉडेलला एफ-होलच ठेवले नाहीत, ते याच कारणाने. ग्रेचनेही साठच्या दशकात काही मॉडेलवर भोकं न पाडता नुसती रंगवली होती.

आखाजी, कानबाई, सारंगखेडा

आवाजाइतकाच मोठा प्रश्न हवेचा आहे, आणि जुन्या-नव्याचा खरा निकाल इथे लागतो.

आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) सुमारास भुसावळ-जळगावला पारा ४५ च्या पुढे जातो आणि दुपारची हवा इतकी कोरडी होते की ओला टॉवेल पाहता पाहता वाळतो. गिटारला मानवणारी आर्द्रता ४५ ते ५५ टक्के. मे महिन्याच्या दुपारी ती २० टक्क्यांच्या खाली उतरते. श्रावणात कानबाईच्या दिवसांत तीच ८० च्या वर. आणि मार्गशीर्षात सारंगखेड्याच्या यात्रेत तापीकाठी रात्री उघड्यावर कार्यक्रम असेल, तर बोटं आणि तारा दोन्ही आखडतात. धुळ्याला थंडीत पारा दहाच्या खाली जाणं नवीन नाही. एकाच गिटारला सात-आठ महिन्यांत हे तिन्ही सोसायचं असतं.

त्यात आपल्या घरातला कूलर. कूलर हवा ओली करतो. बंद खोलीत कूलरसमोर दिवसभर ठेवलेली गिटार ओलावा पिते, आणि संध्याकाळी तीच गिटार लॉनवरच्या कोरड्या झळांमध्ये येते. रोज फुगणं, रोज आकसणं. एकवेळ नुसता कोरडेपणा बरा, पण हा रोजचा हेलकावा लाकडाला जास्त घातक. गिटार केसमध्ये, केस कूलरच्या झोतापासून लांब, आणि केसमध्ये ओलावा देणारी आणि शोषणारी अशी ४९ टक्क्यांची आर्द्रता पुडी, ही तीन पथ्यं पाळलीत तर अर्धी दुखणी होत नाहीत. सोबत छोटा डिजिटल हायग्रोमीटर ठेवा. पुडी कापडी बॅगेत घालून उपयोग नाही, कडक केसच हवी.

आता जुन्या गिटारचं काय होतं ते पाहा. महागड्या जुन्या आर्चटॉपची (फुगीर पाटीच्या गिटारची) वरची पाटी कोरीव, सलग स्प्रूसची असते. सलग लाकूड रेषांच्या आडव्या दिशेला आकसतं, आणि वाट मिळाली नाही की तडकतं. प्लायच्या पाटीत थर एकमेकांना धरून ठेवतात, म्हणून ती सहसा तडकत नाही. ‘सलग लाकूड म्हणजे उत्तम, प्लाय म्हणजे हलकं’ हे समीकरण साध्या अकॉस्टिक गिटारपुरतं ठीक असेल, स्टेजवरच्या हॉलोबॉडीला ते लागू पडत नाही. ईएस-१७५ पहिल्या दिवसापासून प्लायची आहे आणि जॅझमध्ये तिच्याइतकी वाजलेली गिटार क्वचितच असेल. खान्देशात कोरीव सलग पाटीची गिटार स्टेजवर नेऊ नये, ती जुनी असो वा नवी, हे आम्ही ठामपणे सांगतो.

दुसरी गोष्ट सरसाची. जुन्या गिब्सन प्राण्यांच्या सरसाने जोडलेल्या आहेत. हा सरस ६० अंशांच्या आसपास ढिला पडायला लागतो. मे महिन्यात उन्हात उभ्या केलेल्या बंद गाडीत, डिकीत, तेवढी उष्णता सहज होते. मानेचा सांधा सरकतो, आतल्या आधाराच्या पट्ट्या सुटतात. आधुनिक गिटारमधले सरस जास्त सोसतात, पण म्हणून तीही गाडीत ठेवायची नाही. जेवायला ढाब्यावर उतरलात तर गिटार सोबत उतरवा.

तिसरी रंगाची. जुना नायट्रोसेल्युलोज लॅकर थंड-गरम झाला की बारीक रेषांनी तडकतो. ते दिसायला अनेकांना आवडतं, ठीक. पण हाच लॅकर रबरी स्टँडला चिकटतो आणि खाली चिकट डाग पडतो. स्टँडच्या रबरावर सुती कापड गुंडाळा. घामाने तो मानेच्या मागे मऊ पडतो, हात सरकेनासा होतो. आजच्या आशियाई गिटारवरचा पॉलियुरेथेन किंवा पॉलिएस्टर थर घाम, ऊन, रबर यांना दाद देत नाही. आवाजाच्या नावाने त्याला नावं ठेवली जातात, पण प्लायच्या गिटारवर अँपमधून तो फरक मांडवात ऐकू येत नाही.

जुनी घेणारच असाल तर

जुन्या गिटारमध्ये काय आहे हे नाकारायचं कारण नाही. हलकी बांधणी, कमी ताकदीचे मोकळे पिकअप, सुराच्या तोंडाशी येणारा लाकडाचा ठोका आणि मग पटकन विरणारा सूर. साठच्या दशकातल्या हिंदी गाण्यांमधली कॉर्डची चाल त्या आवाजात जशी बसते तशी सॉलिडबॉडीवर बसत नाही. नाट्यगृहात, बसून, माफक आवाजात ही गिटार समोर आली की सभागृह कान देतं. जिथे तो आवाज ऐकायला लोक आलेले असतात तिथे ती न्यावी.

घेताना तपासणी मात्र निर्दयपणे करा. मानेचा कोन पहिला. ब्रिज (पोटावरचा तारांचा टेकू) पूर्ण खाली उतरलेला असून तारा उंच असतील, तर मान पुढे आली आहे. सांधा उघडून पुन्हा बसवावा लागेल, आणि ते मोठं, महाग काम आहे. मग हेडस्टॉक, म्हणजे खुंट्यांचा भाग. नटच्या (मानेच्या टोकाला तारा टेकतात त्या पट्टीच्या) मागे, दोन्ही कडांना, नखाने चाचपा. रंगाचा तुटकपणा, बारीक रेघ, आसपासच्यापेक्षा वेगळी चमक दिसली की तिथे एकदा मोडून जोडलेलं आहे. गिब्सनच्या मानेचा हा नाजूक भाग. नीट जोडलेली गिटार वाजायला उत्तम असू शकते, पण तिला अखंड गिटारचा भाव द्यायचा नाही.

बॉडीवर बोटाच्या पेराने सगळीकडे टकटक करा. एखाद्या ठिकाणी खुळखुळ किंवा फुटक्या मडक्यासारखा आवाज आला तर आतली पट्टी सुटली आहे. ही पट्टी स्थानिक सुताराकडून पांढऱ्या फेव्हिकॉलने चिकटवून घेऊ नका. तो सरस लाकडात मुरला की पुढे कुठल्याही कारागिराला तिथे मूळ पद्धतीचा सरस धरत नाही. फेव्हिक्विक तर लॅकरच खातं.

बाइंडिंग म्हणजे कडेची पांढरी-पिवळी पट्टी. पन्नास-साठच्या दशकातल्या ग्रेचवर ती सेल्युलॉइडची असते आणि जुनी झाली की आकसते, चिरते, अक्षरशः भुगा होते. तारांशेजारच्या प्लॅस्टिकच्या पाटीचं, म्हणजे जुन्या पिकगार्डचंही तेच. सडणाऱ्या सेल्युलॉइडमधून निघणारा वायू जवळच्या धातूवर हिरवा-काळा गंज चढवतो. केस उघडताच झोंबणारा आंबूस वास आला आणि पिकअपच्या कव्हरवर डाग दिसले, तर तो पिकगार्ड काढून वेगळ्या डब्यात ठेवावा लागेल, केसमध्ये ठेवायचा नाही. खुंट्यांची प्लॅस्टिकची बोंडंही याच वयात चुरगळतात. ती बदलता येतात, त्यावर भाव कमी करा पण सौदा मोडू नका.

मानेची रुंदी हाताने पाहण्याआधी साल विचारा. १९६५ ते १९६८ च्या सुमाराच्या बऱ्याच गिब्सनचा नट जेमतेम ३९.७ मिलिमीटर आहे. नेहमीचा ४३ चा. तीन मिलिमीटर कागदावर काहीच वाटत नाहीत, पण जाड बोटांच्या माणसाला पहिल्या तीन फ्रेटवर कॉर्ड धरताना शेजारची तार दाबली जाते. त्या काळातली गिटार थोडी स्वस्त मिळते त्यामागे हेही एक कारण आहे.

सालाचा पुरावा हवा असेल तर आतल्या पॉटचा (व्हॉल्यूम-टोनच्या मुठीखालच्या भागाचा) आकडा वाचा. दंतवैद्याचा छोटा आरसा आणि टॉर्च पुरते. १३७ ने सुरू होणारा सात आकड्यांचा कोड असेल तर पॉट सीटीएस कंपनीचा, पुढचे दोन आकडे साल आणि शेवटचे दोन आठवडा. १३७६६३३ म्हणजे १९६६ चा तेहेतिसावा आठवडा. गिटार त्याआधीची नाही एवढंच यातून कळतं, त्यानंतरची असू शकते. आणि पॉट बदललेला असेल तर तेही कळत नाही. हेडस्टॉकच्या मागे ‘मेड इन यूएसए’ ठसा असेल तर ती गिब्सन १९७० किंवा नंतरची, विकणारा साठ म्हणो की पंचावन्न.

परदेशातून मागवायची असेल तर दोन अडथळे आहेत. पहिला, आपल्या व्यापार धोरणात वापरलेल्या वस्तूंची आयात मोकळी नाही, परवान्याची अट आहे. पैसे पाठवण्याआधी कस्टम्स एजंटला लेखी विचारा. दुसरा, साठच्या दशकाच्या मध्यापर्यंतच्या बऱ्याच गिब्सनचा फिंगरबोर्ड ब्राझिलियन रोझवूडचा आहे, आणि ते झाड १९९२ पासून साइट्स या दुर्मीळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या पहिल्या परिशिष्टात आहे. तयार वाद्यांना २०१९ मध्ये जी सूट मिळाली ती इतर रोझवूडला, याला नाही. कागदपत्रं नसतील तर गिटार बंदरातच अडकते.

या सगळ्यापेक्षा शहाणा रस्ता म्हणजे सत्तर-ऐंशीच्या दशकातली जपानी गिटार. इबानेझ, आरिया, ग्रेको यांच्या त्या काळातल्या बऱ्याच हॉलोबॉडी प्लायच्या, जाड पॉली रंगाच्या, मान नीट ठेवणाऱ्या ट्रस-रॉडच्या (मानेतल्या फिरवता येणाऱ्या लोखंडी सळईच्या) आहेत. जुनेपणाचा आवाज बराच मिळतो आणि सडणारं सेल्युलॉइड सहसा मिळत नाही. मुंबई-पुण्यात अधूनमधून हातोहात विकल्या जातात. युरोप-अमेरिकेतल्या स्वस्त जुन्या गिटारमध्ये कधीकधी मानेत फिरवता येणारा रॉडच नसतो. आपल्या हवेत ती घेऊ नका.

नव्यांमध्ये

इबानेझची आर्टकोअर मालिका २००२ पासून आहे. त्यातली एएस७३ ही ठोकळ्याची, पातळ, दोन हंबकरची. स्टेजसाठी पहिली शिफारस हीच. बॉडीतल्या खुंटांवर बसणारा ब्रिज आणि स्टॉप टेलपीस, म्हणजे तार तुटली तरी बाकीच्या पाच तारांचा सूर फारसा हलत नाही. त्याच कंपनीची एएफ७५ पूर्ण पोकळ, जाड पोटाची. बसून वाजवणाऱ्याला तिचा आवाज एएस७३ पेक्षा नक्की आवडेल, पण तिचा ब्रिज नुसता तारांच्या दाबावर उभा असतो.

ग्रेचची जी२६२२ ही स्ट्रीमलायनर मालिकेतली, आत स्प्रूसचा ठोकळा. एएस७३ पेक्षा थोडी उजळ, तार छेडल्यावरचा ठोका जास्त. द्वंद्वगीतांच्या मधल्या तुकड्यांना छान. बिग्सबी (सूर हलवणारी दांडी) असलेल्या आवृत्त्या टाळा असं आम्ही म्हणू, निदान रोज चार तासांचा कार्यक्रम असेल तर. बिग्सबी हलवली की नटमध्ये तार अडकते आणि सूर चढा राहतो. पेन्सिलीचं शिसं घासून बरंच सुधारतं, पूर्ण जात नाही. शिवाय तिच्यावर तार बदलायला दुप्पट वेळ लागतो, आणि दोन गाण्यांच्या मध्ये निवेदक किती वेळ ओढून धरणार?

एपिफोनची ३३५ सुरक्षित निवड आहे. वजन मात्र तोलून पहा. ठोकळ्याची गिटार सॉलिडबॉडीच्या जवळपास जाते आणि उभ्याने रात्र काढायची असते. रुंद पट्टा घ्या.

नव्या गिटारमध्ये बिघडतं ते बहुतेक फुटकळ, पण ऐन वेळी. सगळ्यात नेहमीचं म्हणजे जॅकचा नट सैल होतो, जॅक फिरतो, वायर तुटते किंवा जॅक पोटात पडतो. घेतल्याच दिवशी दातेरी वॉशर घालून तो घट्ट करा. पोटात पडलाच तर भोकातून जाड दोरा आत सोडा, एफ-होलमधून बाहेर काढा, दोरा जॅकच्या तोंडातून ओवून बांधा आणि ओढून जागेवर आणा. पॉट बदलतानाही हीच दोऱ्याची रीत. पॉट आणताना रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात नुसतं ‘५०० के’ मागू नका. ‘ए’ लिहिलेला लॉग पॉट हवा. ‘बी’ लिहिलेला लिनियर घातला तर व्हॉल्यूम सगळा शून्याजवळच्या कोपऱ्यात जातो. अमेरिकन पॉटचं भोक ३/८ इंचाचं आणि दांड्याला २४ दाते, आशियाई पॉटचं भोक लहान आणि दाते १८. दुसऱ्या प्रकारची मूठ बळजबरीने बसवली की दांडाच चिरतो.

व्हॉल्यूम कमी केल्यावर आवाज मातट होत असेल तर व्हॉल्यूम पॉटच्या इनपुट-आउटपुटवर १५० किलोओहमचा रेझिस्टर आणि ६८० पिकोफॅरडचा कपॅसिटर समांतर जोडा. गायकाच्या मागे दबून वाजवताना हा दहा रुपयांचा बदल फार कामाचा आहे.

कोरड्या उन्हाळ्यात फिंगरबोर्ड आकसतो आणि फ्रेटची टोकं कडेला टोचतात. लगेच कानस घेऊ नका. आधी पंधरा दिवस केसमध्ये पुडी ठेवून पाहा. तरी टोचत असतील तरच घासा, नाहीतर श्रावणात लाकूड फुगल्यावर फ्रेट आखूड पडतात.

तारा आणि सेटअप

स्टेजसाठी ०.०११ चा संच ठीक. नवीन गिटारवर जुना आवाज हवा असेल तर सपाट वेढ्याच्या तारा लावा. गिटारचं साल बदलण्याआधी तारा बदलून पाहा, बऱ्याच जणांचा शोध तिथेच थांबतो. घामाने त्या लवकर मरत नाहीत हा आपल्याकडे मोठाच फायदा. वेढ्याची तिसरी तार लावलीत तर ब्रिजवर तिची लांबी पुन्हा लावावी लागते, नाहीतर जी बेसूर राहतो.

मोकळ्या ब्रिजच्या गिटारवर सगळ्या तारा एकदम काढायच्या नाहीत. एकेक बदला. काढायच्याच असतील तर आधी ब्रिजच्या पायाभोवती मास्किंग टेप लावून जागा आखून ठेवा, आणि जुन्या लॅकरवर ती टेप रात्रभर सोडू नका. प्रवासात ब्रिज सरकतो, म्हणून पायाखाली दुहेरी चिकटपट्टीचे दोन बारीक तुकडे ठेवा. स्टेजवर चढण्याआधी पहिल्या आणि सहाव्या तारेचा बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक आणि दाबलेला सूर जुळतो का पाहा. दाबलेला चढा असेल तर ब्रिज मागे, उतरता असेल तर पुढे.

मानेचा बाक मोजायला सहावी तार पहिल्या फ्रेटवर आणि मान बॉडीला मिळते तिथे दाबा. सातव्या-आठव्या फ्रेटपाशी ०.२ ते ०.३ मिलिमीटर फट असावी. बाराव्या फ्रेटवर तारेची उंची सहाव्या बाजूला २ मिलिमीटर, पहिल्या बाजूला १.६. ट्रस-रॉड एका वेळी पाव फेरा, मग एक दिवस थांबा. आखाजीआधी एकदा आणि श्रावणात एकदा हे मोजावंच लागतं. जुन्या गिटारचा रॉड अडखळला तर जोर लावू नका, तिथेच थांबा आणि कारागिराकडे न्या.

जनरेटर आणि गुणगुण

जनरेटरवर चालणारी एलईडी भिंत आणि डिमर ही सिंगल-कॉइल पिकअपची शत्रू. पी-९० आणि जुने डिआर्मंड पिकअप तिथे इतके गुणगुणतात की गाण्याच्या शांत जागा भरून जातात. ग्रेचच्या फिल्टरट्रॉन या हंबकर पिकअपचं नाव तिथूनच पडलं. १९५७-५८ च्या सुमारास ते आले ते ही गुणगुण गाळायलाच. दोन हंबकर घ्या असं वर म्हटलं त्याचं अर्धं कारण हे.

गुणगुण तारांना हात लावल्यावर थांबत असेल तर अर्थिंग जोडलेलं आहे पण शिल्डिंग (बाहेरची गुणगुण अडवणारं आवरण) कमी आहे. हात लावल्यावर वाढत असेल तर गिटारचं आतलं अर्थिंग तुटलेलं असू शकतं. ब्रिज किंवा टेलपीसकडे जाणारी बारीक वायर पोकळ गिटारमध्ये वारंवार तुटते. आणि कार्यक्रमाआधी मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवून एक टोक गिटारच्या तारेला, दुसरं माइकच्या जाळीला लावा. चार-पाच व्होल्टच्या वर काही दिसलं तर वाजवायला बसू नका, वायरमनला बोलवा. अँपच्या थ्री-पिन प्लगची अर्थिंगची पिन काढून गुणगुण घालवणं हा जिवाशी खेळ आहे. त्यासाठी डीआय बॉक्सवरचं (वाद्य आणि मिक्सरच्या मधल्या डबीवरचं) ग्राउंड-लिफ्ट बटण असतं. अमेरिकेतला जुना अँप सोबत आला असेल तर तो ११०-१२० व्होल्टचा आहे, आपल्या २३० वर थेट लावायचा नाही.

दुकानात तपासताना

दुकानात छोट्या अँपवर हळू वाजवून निर्णय घेऊ नका. स्वतःचा अँप न्या, तो दोन मीटरवर ठेवा, गिटार त्याच्याकडे तोंड करून धरा आणि कार्यक्रमात असतो तेवढा आवाज करा. मग सहाव्या तारेवर पहिल्या फ्रेटपासून आठव्यापर्यंत एकेक सूर लांबवा. एखादा सूर बाकीच्यांपेक्षा फुगून उठत असेल तर तो फ्रेट लिहून ठेवा, आणि तिथे कोणती पट्टी येते ते बघा. तुमच्या गायकाची नेहमीची पट्टी तीच असेल तर ती गिटार कितीही देखणी असली तरी परत टांगा. त्यानंतर तारा मुठीने दाबून गिटार गप्प करा, व्हॉल्यूम पूर्ण उघडा आणि अर्धा मिनिट थांबा. या वेळात शिट्टी सुरू झाली तर पिकअप बोलतोय, ‘घूं’ सुरू झालं तर पोट.